रोमन प्रजासत्ताकाची चांदीची नाणी आणि ती पाडणारी घराणी

मुद्रानंद

रोमन नाण्यांविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते ते बहुधा सम्राटांच्या नाण्यांविषयी असते. त्याचे कारण उघड आहे. भारतात सापडलेली रोमन नाणी मुख्यतः ऑगस्टस आणि टायबेरियस यांच्या काळातली व त्यानंतरची आहेत. या धाग्यात मात्र त्याआधीच्या नाण्यांविषयी, म्हणजे प्रजासत्ताकाच्या काळातील देनारियस या चांदीच्या नाण्याविषयी आणि ते ज्यांच्या नावाने पाडले जाई त्या घराण्यांविषयी चर्चा व्हावी असे वाटते.

इ.स.पू. 211 च्या सुमारास, कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत ठाण मांडून बसलेला असताना, रोमने देनारियस काढला. त्याचे वजन आरंभी साडेचार ग्रॅमच्या आसपास, म्हणजे रोमन पौंडाच्या 72 व्या भागाइतके होते. थोड्याच वर्षांत ते 84 व्या भागावर, सुमारे 3.9 ग्रॅमवर आले आणि पुढे बराच काळ तिथेच टिकले. दर्शनी बाजूला पंखांचे शिरस्त्राण घातलेली रोमा देवी व दहा या किमतीचा आकडा, मागच्या बाजूला घोड्यांवरून दौडणारे कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे देव, आणि खाली रोमचे नाव. दोन-तीन पिढ्या या छापात फारसा बदल झाला नाही. प्रथम कोपऱ्यात एखादे बारीक चिन्ह येऊ लागले, मग जोडाक्षरांत गुंफलेली आद्याक्षरे, मग नाव. ही नावे टांकसाळीच्या अधिकाऱ्यांची होत.

हे अधिकारी साधारणपणे दर वर्षी तीन असत. वयाने तरुण, राजकारणाच्या पहिल्या पायरीवर उभे असलेले, सिनेटमध्ये अद्याप न पोहोचलेले. टांकसाळ कॅपिटोल टेकडीवर जूनो मोनेटाच्या देवळाजवळ होती. चांदी सरकारी खजिन्यातली, आणि किती नाणी पाडायची हा निर्णय सिनेटचा. या तरुणांच्या हाती खऱ्या अर्थाने उरे ती एकच गोष्ट, ती म्हणजे नाण्यावरचे चित्र. इ.स.पू. 137 च्या आसपास त्यांनी या एका गोष्टीचा पुरेपूर उपयोग करायला सुरुवात केली. त्या वर्षी सेक्स्टस पॉम्पेयस फॉस्टलस याने लांडगी, तिची जुळी बालके आणि त्यांना शोधून काढणारा मेंढपाळ फॉस्ट्युलस असा देखावा आणला, कारण तो मेंढपाळ आपला पूर्वज असल्याचे त्याचे म्हणणे होते. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे रोमचे चलन ही प्रतिष्ठित घराण्यांची चित्रमय कुलकथा होऊन बसली.

माझे म्हणणे असे की या नाण्यांवरचा पूर्वज हा इतिहासाचा पुरावा म्हणून वाचू नये. तो दावा म्हणून वाचावा, आणि हा दावा कोणी, कोणत्या वर्षी, कोणत्या अडचणीत वा संधीत केला हे आधी पाहावे. एक उदाहरण देतो. इ.स.पू. 439 मध्ये रोममध्ये धान्यटंचाई होती. स्पुरियस मेलियस नावाच्या श्रीमंताने स्वखर्चाने लोकांना धान्य वाटले. तो राजा होऊ पाहतो आहे अशी खबर ल्युशियस मिनुशियसने दिली आणि सर्व्हिलियस अहाला याने मेलियसला ठार केले, अशी परंपरागत कथा आहे. इ.स.पू. 135 आणि 134 मध्ये मिनुशियस ऑगुरिनस घराण्यातील दोघांनी, बहुधा भावांनी, आपापल्या नाण्यांवर मिनुशियसच्या सन्मानार्थ उभारलेला स्तंभ दाखवला. त्या स्तंभाच्या तळाशी धान्याची कणसे आहेत. म्हणजे त्यांच्या लेखी कथेचा गाभा धान्य हा होता, आणि ज्या दशकात टायबेरियस ग्रॅकसचा जमीनवाटपाचा कायदा येऊन ठेपला होता त्या दशकात असे चित्र निवडणे निरर्थक नव्हते. याच कथेतला अहाला इ.स.पू. 54 मध्ये दुसऱ्याच एका नाण्यावर येतो. ते नाणे पुढे सीझरला मारणाऱ्या मार्कस ब्रूटसचे आहे. एका बाजूला राजांना हाकलून देणारा ल्युशियस ब्रूटस आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या आईकडचा पूर्वज अहाला. धान्याचा कुठे मागमूसही नाही. आता कथेचा अर्थ एवढाच, की राजा होऊ पाहणाऱ्याला मारणे हे आमच्या घराण्याचे व्रत आहे. त्या सुमारास सेनापती पॉम्पी हुकूमशहा होणार अशी बोलवा रोममध्ये पसरली होती. घटना एक, घराणी दोन, आणि ऐंशी वर्षांच्या अंतराने काढलेले अर्थ दोन.

गोदातीर

लेख आवडला, परंतु एका मूलभूत मुद्द्यावर शंका आहे. ही नाणी पाहून कोणाचे मत बनत असे? इ.स.पू. 139 च्या गॅबिनियसच्या कायद्याने निवडणुकीत गुप्त मतदान आले, त्यामुळे आश्रितांची मते हुकमी राहिली नाहीत आणि तरुण उमेदवारांना नाण्यावरून जाहिरात करावी लागली, असे स्पष्टीकरण बरेचदा दिले जाते. काळ जुळतो हे खरे. पण या अधिकाऱ्यांपैकी अनेकांचे नाव नाण्याखेरीज कुठेच आढळत नाही. पब्लियस क्रेपुसियस हे त्याचे ठळक उदाहरण. इ.स.पू. 82 मध्ये त्याने प्रचंड संख्येने नाणी पाडली. मागच्या बाजूच्या ठशांना अनुक्रमांक घातले असल्यामुळे ते पाचशेच्याही पुढे गेले होते हे आपल्याला मोजता येते. तरीही पुढच्या राजकारणात त्याचा पत्ता नाही. जाहिरात असेल तर ती फारशी फळली नाही, असेच म्हणावे लागेल.

शिवाय ही चित्रे इतकी सूक्ष्म आणि संदर्भ इतके घरगुती आहेत की सुबुरा वस्तीतल्या भाजीवाल्याला ती उलगडली असतील असे वाटत नाही. माझ्या मते या नाण्यांचा खरा वाचक दुसरा सरदार होता. रोमच्या बड्या घरांच्या दिवाणखान्यात पूर्वजांचे मेणाचे मुखवटे ठेवलेले असत आणि अंत्ययात्रेत ते मुखवटे घालून माणसे चालत. नाण्यावरचे पूर्वज हे त्याच रीतीचे चालते रूप आहे. मतदार त्यात दुय्यम होता.

मुद्रानंद

शंका रास्त आहे आणि क्रेपुसियसचे उदाहरण चपखल. तरी वाचक सरदारच होता हे मान्य केले तरी दाव्याचे महत्त्व कमी होत नाही. उलट वाढते, कारण दावा खोटा असेल तर तो ओळखणारेही तेच होते. सिसेरोने एके ठिकाणी स्पष्ट तक्रार केली आहे की अंत्यविधीच्या भाषणांतून न मिळालेले विजयोत्सव, न भूषवलेली पदे आणि बनावट वंशावळी इतिहासात घुसल्या आहेत. लिव्हीचीही तीच तक्रार आहे.

याचा सर्वांत देखणा नमुना म्हणजे इ.स.पू. 62 चे पॉलस एमिलियस लेपिडसचे नाणे. मागच्या बाजूला मधोमध विजयचिन्ह, एका अंगाला रोमन सेनापती, दुसऱ्या अंगाला बंदिवान झालेला मॅसेडोनियाचा राजा पर्सियस आणि त्याचे दोन मुलगे. हा सेनापती म्हणजे इ.स.पू. 168 मध्ये पिड्ना येथे विजय मिळवणारा एमिलियस पॉलस. आता गंमत अशी की लेपिडसांची शाखा एमिलियस कुळातीलच, पण पिड्नाच्या पॉलसची ती वंशज नव्हे. त्या पॉलसने आपले दोन मोठे मुलगे दत्तक दिले होते आणि धाकटे दोघे त्याच्या विजयोत्सवाच्या आगेमागे काही दिवसांच्या अंतराने वारले; त्याचे नाव चालवायला घरात कोणी उरले नाही. मोकळी पडलेली ही कीर्ती पुढे काही पिढ्यांनी चुलत शाखेने उचलली आणि मुलाचे नावच पॉलस ठेवले.

ब्रूटसच्या बाबतीतही तेच. ल्युशियस ब्रूटसने राजनिष्ठ कटात सामील झालेल्या आपल्या दोन्ही मुलांना देहदंड दिला, ही कथा रोममध्ये प्रत्येकाला ठाऊक होती. मग त्याचा वंश चालला कसा, असा प्रश्न मार्कस ब्रूटसचे विरोधक विचारत, आणि एक तिसरा मुलगा लहान असल्याने वाचला होता असे उत्तर पोसिडोनियसने दिले असल्याचे प्लूटार्क नोंदवतो. इ.स.पू. 54 च्या नाण्यावर या वादाची छायाही नाही. चित्रात वंशावळ सिद्ध करावी लागत नाही.

अश्विनी_का

दाव्यांची चर्चा चालूच आहे तर थेट पुराणात जाणाऱ्यांचा उल्लेख व्हायला हवा. इ.स.पू. 82 मधील मामिलियस लिमेटानसचे नाणे माझ्या मते या सर्व काळातील सर्वांत सुंदर नाणे आहे. मामिलियस घराणे मूळचे रोमजवळच्या टस्क्युलमचे, आणि ते आपली वंशरेषा ट्रॉयच्या युद्धातला वीर ओडिसियस व जादूगारीण सर्सी यांचा मुलगा टेलेगोनस याच्यापर्यंत नेत असे. नाण्यावर वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेशात घरी परतलेला ओडिसियस काठी टेकत उभा आहे, आणि त्याचा म्हातारा कुत्रा आर्गस मान वर करून त्याला ओळखतो आहे. नाण्याची कड करवतीसारखी कापलेली आहे. ते वर्ष सेनापती सुल्लाच्या यादवी युद्धाचे होते आणि तेव्हा हद्दपार झालेले अनेक जण घरी परतत होते, त्यामुळे या चित्राला समकालीन अर्थही असावा असा तर्क केला जातो. तर्क मोहक आहे, पण हे घराणे ओडिसियसचे चित्र शतकभर आधी काशाच्या नाण्यांवरही वापरत होते, म्हणून मला तो जपूनच घ्यावासा वाटतो.

ज्युलियस घराणे आपली वंशरेषा व्हीनस देवीपर्यंत नेत असे हे सर्वश्रुत आहे. मात्र त्याचा शोध सीझरने लावला असे जे अनेक ठिकाणी सूचित केले जाते ते बरोबर नाही. इ.स.पू. 129 मध्ये सेक्स्टस ज्युलियस सीझरच्या नाण्यावर व्हीनस रथात बसून आलेली आहे, आणि इ.स.पू. 103 मध्ये ल्युशियस ज्युलियस सीझरने तिच्या रथाला मदनबालकेच जुंपली आहेत. सीझरने इ.स.पू. 47 च्या सुमारास वृद्ध पित्याला खांद्यावर घेऊन ट्रॉयमधून निघालेला व्हीनसचा मुलगा इनियस दाखवला, तेव्हा ती कुलकथा दोन-तीन पिढ्यांची चलनी झालेली होती.

ज्यांच्याकडे ना देव होता ना विजय, त्यांनी नावावर श्लेष करून वेळ मारून नेली. पॉम्पोनियस म्यूसा याने नऊच्या नऊ काव्यदेवतांची मालिका काढली. ल्युक्रेशियस ट्रायो याने सप्तर्षींचे सात तारे आणि चंद्रकोर घेतली, कारण लॅटिनमध्ये त्या ताऱ्यांच्या नावात त्याचे नाव दडलेले आहे.

दूरदेशी

मी युरोपात राहतो आणि लहानसा संग्रह करतो, त्यामुळे वस्तू म्हणून या नाण्यांविषयी थोडे लिहितो. नाणी पाडण्याची कृती एका नाण्यानेच सांगितली आहे: इ.स.पू. 46 मध्ये टायटस कॅरिसियसने दर्शनी बाजूला मोनेटा देवी आणि मागे टांकसाळीची अवजारे, म्हणजे ऐरण, सांडस आणि हातोडा, यांची मांडणी केली. दर्शनी ठसा ऐरणीत बसवलेला असे, त्यावर चांदीची चकती ठेवून वरून हाती धरलेला दुसरा ठसा टेकवीत आणि घण मारीत. घण बसे तो वरच्या ठशावर, त्यामुळे तो लवकर फुटे. म्हणूनच एकाच दर्शनी ठशाबरोबर मागचे अनेक ठसे जुळलेले आढळतात, आणि चित्र मध्यभागी न बसलेली नाणी इतकी सर्रास दिसतात.

तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पातळ पत्रा चढवलेली नाणीही त्या काळात भरपूर होती. दोनशे वर्षे हातोहात फिरलेल्या नाण्याच्या उंच भागावर हिरवट तांबूस डाग दिसला की शंका घ्यावी. विशिष्ट गुरुत्व काढणे हा सोपा उपाय आहे. चांगल्या देनारियसचे ते शुद्ध चांदीच्या 10.5 या आकड्याच्या जवळ असते, तांब्याचे नऊच्या आत. रोमन सराफही हीच शंका घेत. त्यांनी खात्रीसाठी मारलेले बारीक छाप कित्येक नाण्यांवर आहेत. अशा छापांमुळे किंमत उतरते, परंतु ते मला नाण्याच्या चरित्राचाच भाग वाटतात. कापलेल्या कडेचा हेतू मात्र मुलामा ओळखता यावा एवढाच होता असे म्हणणे कठीण आहे, कारण तशा कडेची मुलाम्याची नाणीही सापडतात. टॅसिटस लिहितो की जर्मन टोळ्यांना करवती कडेची आणि दोन घोड्यांच्या रथाची जुनी नाणीच पसंत पडत.

खरेदी करणाऱ्यांसाठी एकच सूचना: आधीच्या मालकीची कागदपत्रे पाहा. ब्रूटसने सीझरच्या खुनानंतर काढलेल्या खंजीरवाल्या छापाचे सोन्याचे एक नाणे 2020 मध्ये लंडनच्या लिलावात विक्रमी किमतीला गेले. त्याच्या मालकीचा इतिहास बनावट असल्याचे पुढे उघड झाले आणि 2023 मध्ये ते ग्रीसला परत करावे लागले. अस्सल नाण्याची वंशावळ खोटी असू शकते, हे या धाग्याच्या विषयाला साजेसेच आहे.

गोदातीर

वर सुरुवातीला भारतातील सापडींचा उल्लेख आला आहे, त्यात एक भर. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरात सोन्याचे व चांदीचे देनारियस आयात होत आणि स्थानिक नाण्यांशी त्यांचा बदला किफायतशीर ठरे, अशी नोंद आहे. तो मुलूख क्षत्रप नहपानाचा. नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर राजाचा चेहरा आहे, त्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्या आहेत, आणि राजाच्या नावाआधी क्षहरात हे घराण्याचे नाव आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे 1906 मध्ये या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला, आणि त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या मुलाने क्षहरात वंश निःशेष केल्याचे म्हटले आहे. एखाद्या घराण्याचे नाव चलनावरून पुसले जाताना इतके स्पष्ट दिसावे, असे रोमन उदाहरण मला आठवत नाही.

आणखी एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. रोमन अधिकारी नावापुढे बापाचे, कधी आजोबाचेही आद्याक्षर लिहितो. सातवाहन राजा गौतमीपुत्र किंवा वासिष्ठीपुत्र म्हणून आईचे गोत्रनाम लावतो. मात्र तिथे नाणे राजाचे आहे. दरवर्षी तीन तरुणांना राष्ट्राच्या चलनावर आपापले पूर्वज मिरवू देणे ही रीत मला तरी रोमखेरीज दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

मुद्रानंद

जोगळटेंभीच्या साठ्याचा उल्लेख इथे अगदी योग्य जागी आला. ही रीत संपली कशी, ते लिहिणे मात्र राहिले आहे.

पूर्वजांवरून स्वतःकडे वळण्याचे पहिले पाऊल इ.स.पू. 58 मध्ये पडले. एडाइल या नगरव्यवस्थेच्या पदावर असलेल्या एमिलियस स्कॉरसने नाण्यावर उंटाशेजारी गुडघे टेकून शरणागतीची फांदी पुढे करणारा नबातिया या अरब राज्याचा राजा अरेटास दाखवला. हा पराक्रम पणजोबाचा नव्हता, त्याचा स्वतःचा, आणि तोही चार वर्षांपूर्वीचा. पराक्रम म्हणायचा की नाही हा प्रश्नच आहे, कारण जोसेफसच्या सांगण्यानुसार अरेटासने तीनशे टॅलंट चांदी मोजली आणि स्कॉरस सैन्य घेऊन परत गेला. दोन वर्षांनी फॉस्टस सुल्लाने आपल्या बापापुढे, म्हणजे सेनापती सुल्लापुढे, नुमिडियाचा राजा जुगुर्था याला बांधून आणल्याचे दृश्य काढले. हेच दृश्य सुल्लाच्या अंगठीवर कोरलेले होते आणि त्यावरूनच त्याचा वरिष्ठ सेनापती मारियस याचा जळफळाट झाला होता. म्हणजे घरातल्या अंगठीवरचे चित्र जसेच्या तसे चलनावर आले.

इ.स.पू. 44 च्या आरंभी सीझरचा चेहरा नाण्यावर आला. जिवंत रोमन माणसाचा चेहरा रोमच्या टांकसाळीच्या नाण्यावर येण्याची ही पहिली वेळ. त्या वर्षीच्या अधिकाऱ्यांची, मेट्टियस, बुका, मॅसर आणि मॅरिडियानस यांची, नावे कडेला आहेत, पण पूर्वजांना आता जागाच उरली नव्हती. दोन वर्षांनी ब्रूटसने सैन्याच्या पगारासाठी पाडलेल्या नाण्यावर दोन खंजीर, त्यांच्यामध्ये मुक्त गुलामाची टोपी आणि खाली मार्चच्या ईड्सचा, म्हणजे सीझरच्या खुनाच्या दिवसाचा, उल्लेख आहे. त्याच्या दर्शनी बाजूवर मात्र ना स्वातंत्र्यदेवता आहे ना ल्युशियस ब्रूटस. तिथे मार्कस ब्रूटसचा स्वतःचा चेहरा आहे. इ.स.पू. 54 च्या नाण्यांशेजारी हे नाणे ठेवून पाहावे. बारा वर्षांत काय बदलले हे त्यावरून जितके कळते तितके कुठल्याही भाषणातून कळत नाही.

ऑगस्टसने इ.स.पू. 19 च्या सुमारास टांकसाळ अधिकाऱ्यांना पुन्हा थोडी मोकळीक दिली. अक्विलियस फ्लोरसने नावाला साजेसे फूल घातले आणि आपल्या घराण्याचे जुने सिसिलीचे चित्रही पुन्हा काढले. पण दर्शनी बाजू बहुधा सम्राटाची झाली होती, आणि इ.स.पू. 12 च्या सुमारास चांदीच्या नाण्यांवरून ही नावेही गेली. पद मात्र पुढे दोनअडीचशे वर्षे चालू राहिले. थडग्यांवरच्या आणि पुतळ्यांखालच्या लेखांत ते अभिमानाने नोंदवलेले दिसते, फक्त नाण्यावर ते दिसत नाही.

अश्विनी_का

याला एक पुरवणी आहे. इ.स. 107 च्या सुमारास ट्रेजनने झिजलेली जुनी नाणी वितळवली आणि त्याच वेळी प्रजासत्ताकाच्या कित्येक जुन्या छापांच्या प्रतिकृती नव्याने पाडून घेतल्या. मूळ अधिकाऱ्याचे नाव त्यांवर तसेच ठेवले आहे, आणि भोवती हे नाणे ट्रेजनने पुनःस्थापित केले असा मजकूर आहे. त्यातली बरीच घराणी तोवर नामशेष झाली होती. ट्रेजन स्वतः स्पेनमधल्या इटालिका गावचा, आणि रोमच्या जुन्या घराण्यांत त्याचा पूर्वज कोणीच नव्हता. तेव्हा त्याने सगळ्यांचेच पूर्वज घेतले. ही पुनःस्थापित नाणी आज मूळ नाण्यांपेक्षा कितीतरी दुर्मीळ आहेत.